सुताची अबोली



वास्को शहरात दरवर्षी श्रावण महिन्यात श्रीदामोदराचा भजनी सप्ताह साजरा होतो. चोवीस तास अखंड भजन चालते आणि त्या निमित्ताने शहरात मोठी फेरी भरते. अशाच एका फेरीत दोन फूलवाल्या मला शेजारी-शेजारी बसलेल्या दिसल्या. एकीच्या पाटीत केळीच्या पानावर ताज्या अबोलीच्या फाती होत्या. दुसरीने समोर पांढरा रुमाल अंथरला होता आणि त्यावरही अबोलीचीच फाती होती. मात्र ती सुताची होती, क्रोशाच्या सुईने विणलेली. रंग तोच, पाकळ्यांची ठेवण तीच. हात लावून पाहीपर्यंत मला फरक कळला नाही.

तेवढ्यात एक बाई तेथे थांबल्या. ताजी फाती त्यांनी घासाघीस न करता घेतली. मग सुताची फाती उचलली, किंमत विचारली आणि ती ऐकताच पुन्हा रुमालावर ठेवून दिली. ‘‘दोऱ्याला एवढे पैसे? हे तर बायका घरबसल्या रिकाम्या वेळात करतात!’’ एवढे बोलून त्या पुढे गेल्या. विणणारी काही बोलली नाही. तिने फाती सारखी केली आणि मांडीवरचे अर्धे राहिलेले फूल पुन्हा हातात घेतले.

त्या बाईंचा प्रश्न अगदीच गैर होता असे मी म्हणणार नाही. पुष्कळांच्या मनात तो असतो. सुताचा दागिना म्हणजे नेमके काय, तो कसा होतो आणि त्याची किंमत कशाची असते, हे ठाऊक नसले म्हणजे तो प्रश्न सहज तोंडी येतो. आजच्या भाषणात त्याचे उत्तर द्यावे असे मी योजिले आहे. मीही ही सुई हातात धरते, त्यामुळे जे सांगेन ते बहुतेक हाताने अनुभवलेले आहे.

फुलांचे दागिने आणि दागिन्यांची फुले

आपल्याकडे फूल आणि दागिना यांचे नाते फार जुने आहे. सोनाराने घडविलेल्या अलंकारांची नावेच पाहा: चंपाकळी, बकुळहार, केतक, गुलाबफूल, कर्णफूल. बागेत जे उमलले ते सोन्यात उतरविण्याची हौस आपल्या कारागिरांना नेहमीच होती. गोव्यातील घरांतून अंबाड्यावर खोवण्याची सोन्याची फुले आजही सणासमारंभाला पेटीतून बाहेर निघतात. उलट बाजूने, जे दागिने सोन्याचे असावयाचे ते इतर वस्तूंत करण्याचीही आपली रीत आहे. डोहाळजेवणाला आपण फुलांची वाडी भरतो. संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने घालतो. त्या दागिन्यांना कोणी खोटे म्हणत नाही. ते त्या दिवसाचे खरेच अलंकार असतात.

ताज्या फुलाचा दागिना सायंकाळी कोमेजतो. सोन्याचे फूल पिढ्यान्पिढ्या टिकते, पण ते प्रत्येकीच्या आवाक्यातले नसते. सुताचे फूल या दोहोंच्या मधले आहे. ते धुता येते, पुन्हा माळता येते, आणि त्याला तिजोरीची गरज लागत नाही.

अबोलीच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. मोगरा किंवा बकुळ सुतात विणली तर रूप येते, पण सुगंध येत नाही, आणि ती उणीव जाणवत राहते. अबोलीला मुळातच सुगंध नाही. तिचे सारे वैभव रंगात. तिच्या रंगाला आपण दुसरे नावही दिले नाही, ‘अबोली रंग’ असेच म्हणतो. म्हणून सुतात उतरताना ती काहीच गमावीत नाही. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत आणि तेथून मुरगावपर्यंत परसात अबोली नसलेले घर शोधावे लागेल. नमुना पाहण्यासाठी विणणारीला पुस्तक उघडावे लागत नाही, मागील दार उघडले की झाले.

ही कला आली कोठून?

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतला. त्याचा अर्थ लहान आकडा. एका टोकाला आकडा असलेली एक सुई आणि सलग एक धागा, एवढ्याच सामग्रीवर हे सारे काम चालते. चौकटीवर ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळी टाका घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे; तिला आपण आरीकाम म्हणतो. अशा कामातले कापड काढून टाकले आणि साखळी हवेतच विणली, तेव्हा क्रोशा जन्मास आला, असे काही जाणकार मानतात. त्याचे छापील नमुने युरोपात १८२३ च्या सुमारास एका डच नियतकालिकात दिसू लागले. म्हणजे छापील इतिहास सुमारे दोनशे वर्षांचा.

परंतु या कलेला खरा बहर आला तो संकटाच्या काळात. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ ओढवला. त्या दिवसांत कॉर्क परिसरातील धर्मभगिनींनी आणि इतर स्त्रियांनी गरीब मुलींना क्रोशाची जाळी शिकविली. गुलाब, पाने, द्राक्षांचे घोस असे एकेक नक्षीचे तुकडे वेगवेगळे विणावयाचे आणि मग ते बारीक जाळीने एकमेकांस जोडावयाचे, ही आयरिश क्रोशाची पद्धत. कोणी गुलाब करी, कोणी पाने, कोणी फक्त जोडकाम. त्या जाळीच्या विक्रीने अनेक कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या. आज आपण ज्याला क्रोशाचे फूल म्हणतो त्याचे पुष्कळसे तंत्र या आयरिश गुलाबातून आलेले आहे.

तुर्कस्तानात स्त्रिया डोक्यावरील रुमालाच्या काठाला सुताची बारीक फुले विणून लावतात. त्या किनारीला तेथे ‘ओया’ म्हणतात. कोणते फूल विणले यावरून बाईच्या मनातले घरच्यांना कळावे असा संकेत होता. नवऱ्यावर रुसलेली बाई मिरचीची किनार लावीत असे, असे सांगतात. आपल्याकडे रुसव्याची अशी सोय नाही.

गोव्यात क्रोशा पोर्तुगीज अमदानीत आला आणि ख्रिस्ती घरांतून, तसेच धर्मभगिनींच्या शाळांतून रुजला. वेदीवरच्या वस्त्रांच्या कडा, बाप्तिस्म्याचे झबले, मेजावरचे रुमाल यांवर तो प्रथम दिसला. मुरगाव तालुक्याचे वैशिष्ट्य असे की, येथल्या कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा ही दैवते सोळाव्या शतकात नदीपलीकडे गेली आणि मागे राहिलेल्या गावांतून चर्चच्या वेदी उभ्या राहिल्या. पण फुलांची आवड कोठेच गेली नाही. ती देवळातल्या फुलांच्या पूजेत जशी राहिली, तशी वेदीवरच्या जाळीतही उतरली. पुढे शेजारधर्माने ही सुई हिंदू घरांतही शिरली. देव्हाऱ्याचे तोरण, दुधाच्या भांड्यावरची मणी ओवलेली झाकणजाळी, आणि मुलीच्या लग्नातले रुखवत, हे तिचे तेथले मुक्काम.

मला ही कला शिकविली ती आमच्या शेजारच्या एका वृद्ध ख्रिस्ती बाईने. आम्ही सारी मुले तिला ‘माय’ म्हणत असू. घरापुढच्या बाल्कांवात बसून ती विणीत असे. माझे टाके फार आवळून येत, आणि ती दर वेळी एकच वाक्य म्हणे, ‘‘हात सदळ दवर गो, बाय!’’ म्हणजे हात सैल ठेव. क्रोशाचा सगळा पहिला धडा या वाक्यात आहे. टाका आवळला की पुढच्या वेळी त्यात सुई शिरत नाही.

सुई आणि सूत

आता सामग्री. सूत घ्यावे ते कापसाचे आणि मर्सराइज केलेले. म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून ताण देऊन काढलेले. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने १८४४ साली ही प्रक्रिया शोधली म्हणून हे नाव. या सुताला चकाकी असते, ते रंग चांगला धरते आणि तंतू सुटून केसाळ दिसत नाही. सुताला क्रमांक असतात, आणि क्रमांक जितका मोठा तितके सूत बारीक. शिकाऊ हाताने १० क्रमांकाने आरंभ करावा, त्यास दीड ते पावणेदोन मिलिमीटरची सुई लागते. अबोलीसारख्या लहान फुलास २० क्रमांकाचे सूत आणि सव्वा मिलिमीटरची पोलादी सुई शोभते. कर्णफुलासाठी ४० क्रमांकाचे सूत आणि त्याहून बारीक सुई घ्यावी. मात्र ती दिवसाउजेडीच हातात घ्यावी. डोळ्यांपेक्षा कोणताही दागिना मोलाचा नाही.

रंगीत सूत विणण्यापूर्वी त्याचा हातभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून पाहावा. रंग जात असेल तर ते सूत दागिन्यास वर्ज्य. घाम लागताच तो रंग मानेवर आणि पोलक्यावर उतरेल.

टाके चारच शिकावयाचे. पहिला साखळी: सुईवरच्या फाशातून धागा ओढून नवा फासा घेणे. दुसरा सरक टाका: विणीत सुई घालून धागा विणीतून आणि सुईवरच्या फाशातून एकदमच ओढून घेणे. तिसरा मुका खांब: सुई विणीत घालून धागा ओढावा, सुईवर दोन फासे होतात, त्या दोहोंतून धागा एकदम काढावा. चौथा खांब: सुईवर आधी धाग्याचा एक वेढा घ्यावा, मग सुई विणीत घालून धागा ओढावा, सुईवर तीन फासे होतात. ते दोन-दोन करून दोन वेळा सोडवावे. या चार टाक्यांत जगातली बहुतेक सारी फुले बसतात.

अबोली कशी विणावी

अबोलीचे फूल निरखून पाहा. त्याला लांब, बारीक नळी असते आणि पाकळ्या चक्राकार न पसरता एका बाजूस पंख्यासारख्या उलगडतात. विणताना हीच खूण सांभाळावयाची.

प्रथम १२ साखळ्या घालाव्या. सुईपासून मोजून पाचव्या साखळीत सरक टाका घ्यावा. आता टोकाला लहानसे वलय तयार झाले आणि मागे ७ साखळ्यांचे देठ राहिले. मग वलयाच्या पोटात सुई घालून २ साखळ्या, २ खांब, पुन्हा २ साखळ्या आणि वलयातच सरक टाका, अशी एक पाकळी करावी. अशा पाच पाकळ्या कराव्या. पाचवी झाली की देठाच्या सातही साखळ्यांत एकेक सरक टाका घालीत टोकापर्यंत परतावे आणि वीतभर धागा ठेवून कापावा. देठ वलयाच्या एका कडेला लागलेले असल्याने पाकळ्या बोटाने दुसरीकडे लोटल्या की पंखा आपोआप उलगडतो.

आरंभीचे धाग्याचे टोक देठाच्या विणीत सुईने लपवावे. ही लहान गोष्ट वाटते, पण फूल चार धुण्यांत सुटेल की चाळीस, हे या टोकावर ठरते.

अशी चाळीस फुले झाली म्हणजे त्यांची फाती गुंफावी. ताजी अबोली केळीच्या सोपटाच्या धाग्यात दोन या अंगास, दोन त्या अंगास अशी अडकवीत वळेसर करतात. सुताची अबोलीही त्याच रीतीने, राखून ठेवलेल्या टोकांनी दुहेरी दोऱ्यावर बांधीत जावी. रीत तीच असल्याने रूपही तेच येते.

ज्यांना इतकी टोके लपविण्याचा कंटाळा असेल त्यांनी मोगऱ्याच्या कळ्यांचा सर करावा. तो सलग धाग्याने होतो. ४ साखळ्या घालाव्या. सुईपासून चौथ्या साखळीत पाच खांब घ्यावे, पण प्रत्येकाचा शेवटचा फासा सुईवरच ठेवावा. सुईवर सहा फासे जमले की साऱ्यांतून धागा एकदम ओढावा आणि एक साखळी घालून घट्ट करावे. ही झाली एक फुगीर कळी. पुन्हा ४ साखळ्या, पुन्हा कळी, असे करीत मनगटापुरता सर होईपर्यंत जावे.

अंबाड्यावरच्या गुलाबाची कृती याहून थोडी मोठी. ४८ साखळ्या घालून सुईपासून सहाव्या साखळीत एक खांब घ्यावा. त्या पाच मोकळ्या साखळ्या आणि हा खांब मिळून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचा आकार होतो. पुढे २ साखळ्या घालून पायाच्या २ साखळ्या सोडाव्या आणि तिसरीत खांब, २ साखळ्या, खांब घ्यावा. शेवटपर्यंत असे एकूण १५ आकार येतात. काम उलटवून ३ साखळ्या घालाव्या आणि पहिल्या पाच आकारांच्या पोटात प्रत्येकी ४ खांब, पुढच्या पाचांत प्रत्येकी ६, शेवटच्या पाचांत प्रत्येकी ८ खांब घ्यावे. दोन आकारांमधील मोकळ्या जागेत एकेक मुका खांब घालावा. ही झालर लहान टोकाकडून गुंडाळीत जावी आणि तळाशी टाके घालून बसवावी. गुलाब तयार होतो.

गुलाबाची कड वळते ती का, हे समजून घेण्यासारखे आहे. गोलाकार विणताना प्रत्येक फेरीत ठराविक टाके वाढवावे लागतात. मुक्या खांबांच्या वाटोळ्या कामात दर फेरीस सहा वाढविले तर काम सपाट येते. त्याहून कमी वाढविले तर वाटी होते, जास्त वाढविले तर झालर उठते. म्हणजे कळी हवी तर टाके राखावे, उमललेले फूल हवे तर टाके वाढवावे. या साध्या नियमाचा उपयोग १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातील लॅटव्हियन गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी करून दाखविला. ज्या वक्र पृष्ठाची कल्पना विद्यार्थ्यांना कागदावर नीट येत नसे, ते त्यांनी क्रोशाने विणून हातात दिले. आपल्या आज्या जी झालर नुसत्या अंदाजाने विणीत, तिच्यात गणिताचा असा एक धडा दडलेला होता.

फुलाला ताठपणा येण्यासाठी खळ द्यावी. साबुदाण्याची पातळ खळ किंवा तांदळाच्या पेजेचे गाळलेले पाणी चालते. फूल त्यात बुडवून, हलके पिळून, एकेक पाकळी बोटाने उलगडून सावलीत वाळत ठेवावे. काही जणी साखरेच्या पाण्याने ताठपणा आणतात. तो छान येतो, पण मग मुंग्यांना आमंत्रण निराळे द्यावे लागत नाही. आमच्या समुद्रकाठच्या हवेत पावसाळ्यात खळ नरम पडते आणि बुरशीही धरते. म्हणून ज्येष्ठाआधी दागिने धुऊन, खळ काढून, कडकडीत वाळवून कोरड्या कापडात वाळ्याच्या मुळ्यांसह ठेवावे आणि श्रावणात पुन्हा खळ द्यावी. खाऱ्या हवेत लोखंडी आकडे आणि टाचण्या गंजतात व सुतावर डाग पाडतात. गळ्यातल्या सराला धातूचा फासा लावण्याऐवजी विणलेली गुंडी आणि सुताचा फास करावा. तो गंजत नाही, टोचत नाही, आणि बिघडला तर घरीच दुरुस्त होतो.

रिकामा वेळ कोणाचा?

आता त्या फेरीतल्या प्रश्नाकडे वळू.

मी वर सांगितलेल्या अबोलीचे टाके मोजून पाहा. पायाच्या १२ साखळ्या, वलयाचा १ टाका, पाच पाकळ्यांचे ३५ आणि देठाचे ७, म्हणजे ५५ टाके. चाळीस फुलांचे झाले २२००. सरावलेला हात बारीक सुतावर मिनिटास वीस टाके घालतो असे धरू. नुसत्या विणकामालाच ११० मिनिटे लागली. प्रत्येक फुलाचे टोक लपविण्यास एक मिनिट धरले तर आणखी ४०. गुंफण्यास अर्धा तास, खळ देऊन पाकळ्या उलगडण्यास अर्धा तास. एकूण साडेतीन तास झाले. जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी. त्या फातीला सूत लागते थोडेसेच. म्हणजे त्या बाई ज्याला दोऱ्याचे पैसे म्हणत होत्या, त्यात दोऱ्याचा वाटा अगदी अल्प होता. त्या किमतीत मुख्यतः साडेतीन तास होते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. स्वेटरसारखी वीण यंत्रावर होते, कारण तीत फाशांची एक ओळ सुयांवर मांडून पुढे सरकावयाचे असते. क्रोशात प्रत्येक फासा तेथल्या तेथे पुरा होतो आणि सुई मागेपुढे, वरखाली, विणीत हवी तेथे शिरते. कारखान्यांतून खरा क्रोशा विणणारे यंत्र अद्याप प्रचारात आलेले नाही. यंत्राच्या जाळ्या क्रोशासारख्या दिसतात, पण त्यांची वीण निराळी. म्हणून खऱ्या क्रोशाचे फूल कोणत्याही देशातल्या कोणत्याही दुकानात कितीही स्वस्त मिळो, ते कोणा माणसाच्या हातानेच झालेले असते. ते फार स्वस्त असेल तर त्यात यंत्राची करामत नसते, कोणाच्या तरी तासांना मोल दिलेले नसते.

हे मी नुसत्या भावनेने बोलत नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांनी त्या भागात क्रोशाची जाळी शिकविली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीज या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथे राहून अभ्यास केला व १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, घरोघर बायका दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास जाळी विणीत, पण त्यांना कामकरी म्हणून कोणी गणत नसे. त्या गृहिणी, आणि जाळी हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, अशीच साऱ्यांची समजूत. कित्येकदा त्यांची स्वतःचीही. या समजुतीच्या आधारावर मजुरी अत्यल्प राहिली आणि व्यापार वाढला. त्या जाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकन वस्तूला मिळते. विणणारीच्या तासांचा हिशेब त्याने आपोआप होत नाही.

आपल्याकडचे रुखवत आठवा. वधूने विणलेले रुमाल, तोरणे, फुले मांडवात मांडली जात, पाहुण्या त्यांची तारीफ करीत. ते मुलीचे कौशल्य होते, पण तिची कमाई नव्हती. लग्न झाले की सुई पेटीत जाई. हाताला मान द्यावयाचा आणि मोल द्यावयाचे नाही, ही सवय आपल्याला तेथून लागली असावी. याउलट विचार करणारी माणसेही आपल्यातच झाली. १९०९ साली पुण्यास सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे यांनी तेथे शिवणकाम व भरतकाम शिकविण्याची सोय केली, ती घरसजावटीसाठी नव्हे. निराधार स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे राहता यावे, हा त्यामागचा हेतू होता. सुई तीच होती, दृष्टी निराळी होती.

तेव्हा विणणाऱ्या भगिनींना माझी एक सूचना आहे. सुताच्या रिळाबरोबर एक लहान वही ठेवा. फूल हाती घेतले की वेळ टिपा, पुरे झाले की पुन्हा टिपा. चूल, मूल, पाहुणे यांत मधे गेलेला वेळ वगळा, पण उसवून पुन्हा विणलेला वेळ वगळू नका. तोही कामच आहे. महिन्याअखेर तुमच्या हाती तासांचा आकडा येईल. आपल्या गावात दुसऱ्या कोणत्याही कसबी कामाला जी रोजी मिळते ती त्या तासांना लावा, त्यात सुताचा, खळीचा, आकड्यांचा खर्च मिळवा आणि मग किंमत सांगा. कदाचित तेवढी मिळणार नाही. पण किती कमी घेतले हे निदान तुम्हाला ठाऊक असेल. हल्ली गोव्यात बचतगटांच्या मेळ्यांतून आणि सरकारी हस्तकला महामंडळाच्या विक्रीकेंद्रांतून हातकामाला गिऱ्हाईक मिळते. तेथे जाताना वस्तूबरोबर हा हिशेबही घेऊन जावा.

घेणाऱ्यांनाही एक विनंती. घासाघीस करू नका असे मी म्हणणार नाही. बाजार म्हटला की ती चालावयाचीच. फक्त ‘दोऱ्याला एवढे?’ असे विचारण्याऐवजी ‘याला वेळ किती लागला?’ असे विचारा. उत्तर ऐकल्यावर काय द्यावयाचे ते तुमचे तुम्हीच ठरवाल.

त्या दिवशी फेरीत मी तोच प्रश्न विचारला. ती बाई प्रथम गोंधळली. असे तिला पूर्वी कोणी विचारले नव्हते. मग बोटांवर मोजून म्हणाली, ‘‘काल दुपारचं जेवण आटोपल्यावर बसले ते दिवेलागणीपर्यंत.’’ मी फाती घेतली. घरी येऊन तिची फुले मोजली, एकेचाळीस होती. एक फूल तिने वर घातले होते.